जुन्या जीपचा ब्रेक : बूस्टर बदलण्यापूर्वी

सोलापूर आणि नगर रस्ता सोडला, तर पुण्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक वाटांवर घाट आहे. साताऱ्याकडे कात्रज आणि खंबाटकी, मुंबईकडे बोरघाट, कोकणाकडे ताम्हिणी आणि वरंध, सासवडकडे दिवे घाट. शिवाय सुटीच्या दिवशी गजबजणारा सिंहगडाचा रस्ता आहेच. जुन्या जीपचे, जिप्सीचे किंवा पहिल्या पिढीतील सुमो-सफारीचे हौशी मालक शहरात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांची हौस या घाटांतच पुरी होते. चढावर अशा गाडीचे कौतुक होते. तिची खरी परीक्षा मात्र उतारावर असते. 'ब्रेक फार जड लागतो, मोठा बूस्टर बसवून द्या' ही मागणी त्यामुळेच गॅरेजमध्ये वारंवार होते. ही मागणी पुरी करण्यापूर्वी बूस्टर नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मूळ जीप आणि बूस्टर

महिंद्र कंपनीने विलीस जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे सुरू केली. त्या परंपरेतील सुरुवातीच्या जीपना बूस्टर नव्हता. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाखालच्या पत्र्याखाली चौकटीवर बसवलेला मास्टर सिलिंडर आणि जमिनीतून वर आलेले पॅडल अशी त्यांची रचना होती. पुढे पुण्यातच तयार झालेली टाटा सुमो १९९४ मध्ये आणि सफारी १९९८ मध्ये बाजारात आली, तोपर्यंत बूस्टर ही या वर्गातील गाड्यांची सर्वसाधारण सोय झाली होती. जीपच्या मालकापुढे म्हणून दोन प्रकारचे प्रश्न असतात. गाडीला बूस्टर नसेल तर तो बसवावा का, आणि असेल तर तो अधिक मोठा बसवावा का?

निर्वात पोकळीच्या साह्याने ब्रेकला बळ देण्याची कल्पना १९२० च्या दशकातील आहे. बेल्जियन अभियंता आल्बेर देवांद्र यांनी ती विकसित केली आणि जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ पासून ती बाजारात आणली. आजचा बूस्टर आकाराने सुटसुटीत झाला असला, तरी त्याचे तत्त्व तेच आहे.

बूस्टर काय करतो?

बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. त्याच्या मधोमध रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम असतो. पॅडल मोकळे असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. चालकाने पॅडल दाबताच एक झडप उघडते आणि पॅडलच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. एका बाजूला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ पोकळी, यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि तो मास्टर सिलिंडरचा दांडा दाबतो. पायाचा जोर आणि हवेचा जोर यांची बेरीज होऊन ब्रेक ऑइलवर दाब येतो.

म्हणजेच ब्रेक लावणारी शक्ती बूस्टरच्या पोटात साठवलेली नसते. ती बाहेरच्या हवेची असते आणि पोकळी टिकून असेपर्यंतच मिळते. त्याहूनही महत्त्वाची बाब अशी, की गाडी थांबते ती लायनर आणि ड्रम यांच्या घर्षणाने आणि टायरच्या रस्त्यावरील पकडीने. बूस्टरमुळे पायाचे श्रम कमी होतात. लायनरची जाडी, ड्रमचा आकार किंवा टायरची पकड त्याने वाढत नाही. ज्या चालकाला पूर्ण जोर लावून चाके जाम करता येतात, त्याची गाडी मोठ्या बूस्टरने कमी अंतरात थांबणार नाही. जोर लावूनही चाके जाम होत नसतील, तर मात्र बूस्टरचा विचार योग्य ठरतो. पण तो दोष बूस्टरचाच आहे, हे आधी सिद्ध झाले पाहिजे.

डिझेल गाडीचे वेगळेपण

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप पोकळी निर्माण होते आणि बूस्टरची नळी तेथेच जोडलेली असते. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते, म्हणून स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. गॅरेजच्या भाषेत त्याला 'एक्झॉस्टर' म्हणतात. अनेक भारतीय डिझेल गाड्यांमध्ये तो अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचे ऑइल एका बारीक नळीने पोचते.

या रचनेचा एक परिणाम बहुतेक मालकांच्या ध्यानात येत नाही. अल्टरनेटरचा पट्टा तुटला, की बॅटरीचे चार्जिंग थांबते आणि त्याच क्षणी ब्रेकची पोकळी निर्माण होणेही थांबते. घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला, तर अशा गाडीत तो ब्रेकविषयीचाही इशारा मानला पाहिजे आणि गाडी लगेच सुरक्षित जागी उभी केली पाहिजे. पंपाला ऑइल कमी मिळाले, तर आतील पाती झिजतात आणि पोकळी हळूहळू कमी होत जाते. ब्रेक एका दिवसात जड होत नाही, त्यामुळे चालकाला त्याची सवय होते आणि बिघाड लक्षात येत नाही.

मोठ्या बूस्टरचे गणित

बूस्टरचा जोर दोन गोष्टींवर ठरतो : पडद्याचे क्षेत्रफळ आणि दोन बाजूंच्या दाबातील फरक. आठ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर भरते. दाबातील फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६५ किलो धरला, तर असा बूस्टर जास्तीत जास्त सुमारे २१० किलोचा जोर देतो. नऊ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर असल्याने हाच जोर सुमारे २६५ किलोपर्यंत जातो. व्यास एक इंचाने वाढला, तर जोर सव्वापट होतो. दोन पडदे एकामागे एक असलेला दुहेरी बूस्टर कमी व्यासातही यापेक्षा अधिक जोर देऊ शकतो आणि जीपच्या अरुंद जागेत तो सोयीचा ठरतो.

मात्र हे गणित उलटेही चालते. व्हॅक्यूम पंप थकला आणि दाबातील फरक ०.६५ वरून ०.५० वर आला, तर नऊ इंची बूस्टरचा जोर सुमारे २०५ किलोवर घसरतो. म्हणजे थकलेल्या पंपावर बसवलेला मोठा बूस्टर हा निरोगी पंपावरील लहान बूस्टरपेक्षाही दुबळा असतो. शिवाय मोठ्या डब्यातील हवा प्रत्येक वेळी ओढून घ्यायला पंपाला जास्त वेळ लागतो. घाटात लागोपाठ वळणे आली, की दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पॅडल दगडासारखे लागते ते याच कारणाने. बूस्टरवर पैसे खर्च करण्यापूर्वी पंपाची तपासणी करावी, ती यासाठीच.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही येथे संबंध येतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. महाबळेश्वरला ही घट १५ टक्क्यांच्या आसपास, तर लेहला जवळजवळ ३५ टक्के होते. बाहेरची हवाच विरळ झाल्यावर तिचा जोरही त्या प्रमाणात घटतो. लडाखच्या सहलीची तयारी करणाऱ्यांनी ही वजाबाकी विसरू नये.

आधी तपासणी, मग खरेदी

बूस्टर चांगला आहे की नाही, हे घरच्या अंगणातही पाहता येते. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे ते कडक होईल. मग पॅडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. ते जागचे हलले नाही, तर बूस्टर, नळी, एकतर्फी झडप किंवा पंप यांपैकी कशात तरी दोष आहे.

दुसरी चाचणी गळतीची. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि थोडा वेळ थांबून पॅडल दाबावे. पहिला दाब खोल आणि पुढचे दाब क्रमाने उथळ होत गेले, तर पोकळी टिकते आहे. पहिलाच दाब कडक लागला, तर ती कोठेतरी निसटते आहे. पॅडल दाबून धरले असताना सतत फुसफुस ऐकू येणे किंवा त्याच वेळी पेट्रोल इंजिनचा आवाज अडखळणे, ही पडदा फाटल्याची लक्षणे होत. बाहेर कोठेही गळती दिसत नसताना ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर ते मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते.

पोकळी मोजण्याचा साधा गेज बहुतेक गॅरेजमध्ये असतो. समुद्रसपाटीला चांगले पेट्रोल इंजिन मंद गतीवर १७ ते २१ इंच पाऱ्याइतकी पोकळी दाखवते. पुण्याच्या उंचीवर हा आकडा सुमारे दोन इंचांनी कमी येतो. तो बिघाड समजू नये. डिझेल गाडीच्या पंपाकडून याहून अधिक, समुद्रसपाटीला २४ इंचांच्या पुढे, अपेक्षा ठेवावी.

जड ब्रेकची अनेक कारणे बूस्टरच्या पलीकडे असतात. लायनरवर ऑइल किंवा ग्रीस उतरणे, लायनर तापून काचेसारखे गुळगुळीत होणे, ड्रम लंबगोल होणे, व्हील सिलिंडर अडकणे, रबरी होज आतून फुगून ऑइलची वाट अडवणे, ही त्यांतील नेहमीची. जुन्या जीपमध्ये शू आणि ड्रम यांतील अंतर हाताने जुळवावे लागते आणि ते वेळेवर केले नाही, तर पॅडल खोल जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर तापलेल्या सिलिंडरमध्ये असे ऑइल उकळले, की वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल थेट जमिनीला टेकते. अशा वेळी कोणताही बूस्टर मदतीला येत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा ब्रेकमधील सर्वांत स्वस्त सुधार आहे.

बूस्टर एकटा येत नाही

तपासणीनंतरही बूस्टर बसवण्याचे किंवा बदलण्याचे ठरले, तर त्यासोबतच्या पाच गोष्टींचा विचार करावा लागतो.

मास्टर सिलिंडर : जुन्या जीपमध्ये चारही चाकांसाठी एकच मार्ग असतो. एक होज फुटला, की सगळा ब्रेक जातो. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळा मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर ही सुरक्षेच्या दृष्टीने बूस्टरपेक्षाही आधीची गरज आहे. त्याचा व्यासही महत्त्वाचा. सात अष्टमांश इंचाऐवजी एक इंची सिलिंडर लावला, तर क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच दाब निर्माण करायला ३० टक्के अधिक जोर लागतो. मोठ्या बूस्टरचा लाभ अशा रीतीने सिलिंडरच गिळून टाकतो.

पॅडल : बूस्टर नसलेल्या गाडीत पॅडलची तरफ साधारण सहास एक, तर बूस्टर असलेल्या गाडीत चारास एक अशी असते. जुने पॅडल तसेच ठेवून बूस्टर लावला, तर पायाच्या नुसत्या स्पर्शाने ब्रेक आवळतो आणि ओल्या रस्त्यावर चाके जाम होतात.

दांड्याचे अंतर : बूस्टरचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांत एक मिलिमीटरहून कमी फट ठेवावी लागते. दांडा लांब पडला, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, ड्रम तापत राहतात आणि शेवटी चाके आपोआप आवळली जातात. तो आखूड पडला, तर पॅडलची चाल वाया जाते. बसवणीतील सर्वाधिक चुका येथेच होतात.

नळी आणि टाकी : पोकळीसाठी कडक भिंतीची, त्याच कामासाठी बनवलेली नळी हवी. पेट्रोलची साधी नळी गरम झाली, की आत चेपते. एकतर्फी झडप योग्य दिशेने बसवणे आवश्यक आहे. डिझेल गाडीत पोकळी साठवणारी छोटी टाकी जोडल्यास इंजिन बंद पडल्यावर एक-दोन दाब जास्त मिळतात.

आधार : बूस्टर ज्या पत्र्यावर बसतो, त्यावर शेकडो किलोंचा जोर येतो. गंजलेला पत्रा पॅडलबरोबर वाकतो. तेथे जाड पट्टीचा आधार देणे अपरिहार्य ठरते.

नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत नवे बूस्टर मिळतात, तर भंगारातून काढलेले स्वस्तात मिळतात. बाहेरून रंगवलेल्या जुन्या बूस्टरच्या आतील रबराचे वय मात्र दिसत नाही. ब्रेकच्या बाबतीत ही बचत करू नये.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम पुढचा शू स्वतःच ओढून घेतो आणि पकड वाढवतो. डिस्कमध्ये हा गुण नाही, म्हणून तिला जास्त दाब लागतो आणि तेथे बूस्टर जवळजवळ अनिवार्य होतो. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब अडवून ठेवणारी झडप असू शकते. ती तशीच राहिली, तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोलही नव्याने साधावा लागतो. मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी आडवी फिरते.

टायरची हौसही हिशेबात धरली पाहिजे. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची टायर आले, तर तेवढ्याच वेगाने गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला सुमारे ११ टक्के अधिक बळ लावावे लागते. 'टायर बदलले आणि ब्रेक बिघडले' या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

उतारावरची सवय

दीड टन वजनाची गाडी महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटाने हजार मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते तीत सुमारे ४५ लिटर पाणी उकळता येईल. ही उष्णता कोठे तरी जावीच लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर तिचा मोठा वाटा इंजिन उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर जवळजवळ सगळा भार लायनर आणि ड्रमवर पडतो. तापलेले लायनर पकड सोडतात आणि तापून फुगलेला ड्रम शूपासून दूर जातो.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय तर याहून घातक आहे. इंजिन बंद झाले, की पोकळी निर्माण होणे थांबते. साठलेल्या पोकळीवर बूस्टर दोन-तीन वेळा साथ देतो. त्यानंतर सगळा भार पायावर येतो. मोठ्या बूस्टरची आणि हलक्या पॅडलची सवय झालेल्या चालकाला अशा वेळी ब्रेकच गेला असे वाटते आणि तो पुरेसा जोर लावत नाही. ब्रेक गेलेला नसतो. पूर्वीच्या कित्येक पट जोर लावला, तर गाडी थांबते. घरातील प्रत्येक चालकाने मोकळ्या, सपाट मैदानात इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक अगदी कमी वेगात एकदा अनुभवलेला असावा. फोर व्हील ड्राइव्ह गाडीतील लो गिअर चढासाठी जितका, तितकाच कच्च्या आणि तीव्र उतारासाठीही आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. खराब झालेला बूस्टर काढून त्याच मॉडेलचा मूळ प्रतीचा बूस्टर बसवणे ही दुरुस्ती होय. एका गाडीची ब्रेक यंत्रणा दुसऱ्या गाडीला जोडणे हा वेगळा प्रश्न आहे. अशा कामापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी आणि सुट्या भागांची बिले जपून ठेवावीत. खासगी गाडीला १५ वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करताना तिची तपासणी होते, तेव्हाही ही कागदपत्रे उपयोगी पडतात.

नव्या गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करणारी 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यातच, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मॉडेलचा ब्रेक अशा कसोटीला उतरलेला असतो. गॅरेजमध्ये जुळवलेल्या ब्रेकची कसोटी मात्र मालकालाच घ्यावी लागते.

घाटात जाण्यापूर्वी

काम पूर्ण झाल्यावर नळ्यांतील हवा नीट काढली आहे, पॅडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात नाही, ब्रेक सोडल्यावर चारही चाके हाताने मोकळी फिरतात आणि दहा-बारा किलोमीटर चालवल्यावर कोणताही एक ड्रम इतरांपेक्षा जास्त तापत नाही, एवढे पाहावे. त्यानंतर रिकाम्या, सपाट रस्त्यावर आधी ताशी २०, मग ४० किलोमीटर वेगावर ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का, याची खात्री करावी. नव्या लायनरना ड्रमवर नीट बसायला काही दिवस लागतात. तोवर भरलेली गाडी घाटात नेऊ नये. हे सगळे जमले, की पहिली फेरी सिंहगडाची करावी, शक्यतो गर्दी नसलेल्या दिवशी, आणि उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी.